सडपातळ देहातील मधुमेह : पुण्याच्या संशोधनातून खान्देशाने घ्यावयाचा बोध

वार्षिक अहवाल म्हटला की त्यात आकडे येतात. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, देणग्या किती आणि अखेरीस हिशेब तपासनिसांची सही. या वेळी विश्वस्त मंडळाने सुचविले की, अहवालासोबत मधुमेहाविषयी एक अभ्यासपर लेख असावा आणि तो प्रशासकीय कार्यालयाने लिहावा. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. वैद्यकाचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि हा आजार शेवटच्या टप्प्यास पोहोचतो, तेव्हा त्याची कागदपत्रे आमच्याच टेबलावर येतात. डायलिसिसच्या सवलतीचे अर्ज, पाऊल काढावे लागलेल्या रुग्णांची बिले, दृष्टी गेल्याचे दाखले पाहता पाहता हा आजार इतक्या दूरपर्यंत येईतो कोणाच्या लक्षात कसा आला नाही, हा प्रश्न आम्हांस पडत आला आहे. त्या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर पुण्यातील एका संशोधकाच्या कार्यात सापडते. ते येथे यथामती मांडीत आहोत.

मधुमेह हा सुखवस्तू आणि स्थूल माणसांचा रोग, ही समजूत जळगाव-धुळ्याकडे अद्याप खोल रुजलेली आहे. चोपडा किंवा शिंदखेडा तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी, अंगावर मांस नाही, दिवसभर कपाशीत राबणारा, पायाची जखम दोन महिने भरत नाही म्हणून येतो. रक्त तपासल्यावर त्यास ‘शुगर’ असल्याचे सांगितले, तर तो आणि त्याचे घरचे दोघेही ते मानावयास तयार नसतात. ‘आम्ही कुठे बसून खातो?’ हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत २०११ साली महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. त्याच पाहणीचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आणि १३ कोटी ६० लक्ष मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसे आहेत. एवढी सारी माणसे बसून खाणारी खचितच नाहीत.

पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय हे आपल्यासारखेच धर्मादाय न्यासाचे रुग्णालय. डॉ. बानू कोयाजी यांनी ते नावारूपास आणले आणि १९७० च्या दशकात पुण्याजवळच्या वढू गावी ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. या रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले संशोधन केले. ते ऑक्सफर्ड येथे काम करून परतले होते. पाठ्यपुस्तकातील मधुमेही वयस्क व लठ्ठ असे, तर समोर येणारा मधुमेही त्याहून तरुण आणि पुष्कळदा सडपातळ. बहुतेकांनी अशा वेळी रुग्णास अपवाद मानून पुस्तक खरे धरले असते. याज्ञिकांनी पुस्तकाविषयी शंका घेतली. त्यांच्या पुढील तीस वर्षांच्या कामाचे मूळ या शंकेत आहे, असे आम्हांस वाटते.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही निरोगी. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपले धावणे लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यापुरते, हेही याज्ञिकांनी मोकळेपणाने नमूद केले होते. तेव्हा सारा फरक वंशाचा वा देशाचा नव्हे. पण मुद्दा स्पष्ट झाला. भारतीय माणसाच्या हातापायांत स्नायू कमी आणि पोटाभोवती मेद अधिक, ही ठेवण वजनाच्या आकड्यात दिसत नाही. पाश्चात्त्य देशांत २५ पर्यंतचा निर्देशांक ठीक मानला जातो. आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच २३ ही दक्षतेची रेषा सुचविली. कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर नसावा, हा भारतीय तज्ज्ञांचा संकेतही त्याच विचारातून आला आहे. शिंप्याची फीत वजनकाट्यापेक्षा स्वस्त आहे आणि या कामी ती अधिक खरे बोलते.

मग ही ठेवण येते कोठून? येथे थोडे विषयांतर करून इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात जावे लागेल. तेथे १९११ पासून सुईणी व आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि पहिल्या वर्षअखेरचे वजन खतावणीत लिहून ठेवीत. त्या खतावण्या अनेक दशके पडून होत्या. साउदॅम्प्टनचे प्रा. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या, तेव्हा नोंदीतील मुलगे साठी ओलांडलेले होते. त्यांना शोधून त्यांची रक्ततपासणी केली असता, जन्मताना व वर्षाचे असताना जे हलके होते त्यांच्यात मधुमेह अधिक निघाला. हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या प्रौढपणीच्या रोगाची बीजे त्याच्या आईच्या उदरात पडतात, हा विचार त्या जुन्या वह्यांवर उभा राहिला. ज्या परिचारिकेने शंभर वर्षांपूर्वी तो आकडा नीट अक्षरात लिहिला, तिला त्याचे काय होणार हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

याज्ञिकांना हा विचार भारताच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा वाटला, कारण कमी वजनाची बाळे आपल्याकडे ठायी ठायी जन्मतात. आपल्याच रुग्णालयात जन्मलेल्या आणि वजन नोंदलेल्या मुलांस त्यांनी चौथ्या वर्षी बोलावून तपासले. ग्लुकोज पाजून अर्ध्या तासाने रक्त घेतले तेव्हा जन्मवजन जितके कमी, तितके साखर व इन्सुलिन दोन्ही अधिक आढळले. हा अभ्यास १९९५ मध्ये छापून आला. चार वर्षांच्या पोरात म्हातारपणच्या रोगाची चाहूल!

एव्हाना त्यांचे मोठे काम सुरू झाले होते. १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत, साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने, गर्भवती मातांचा दीर्घ अभ्यास आरंभिला गेला. योगायोग असा की, त्याच वर्षी डॉ. बानू कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अभ्यासाची रीत कष्टाची होती. कार्यकर्त्या दरमहा घरोघर जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीची तारीख लिहून घेत, म्हणजे गर्भधारणा अगदी आरंभी कळे. मग गरोदरपणात आई काय खाते, किती राबते, रक्तात काय आहे, हे नोंदले जाई. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत त्याची उंची, डोक्याचा, पोटाचा व दंडाचा घेर, आणि चिमट्यासारख्या उपकरणाने त्वचेखालील चरबीची जाडी मोजली जाई. प्रसूती रात्री वाडीवस्तीवर झाली तरी मोजणीस माणूस जाणे भाग होते.

मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि गर्भधारणेपूर्वीचे वजन ४२ किलोच्या आसपास होते. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. येथवर अनपेक्षित काही नव्हते. आश्चर्य पुढे होते. आपली बाळे सर्वच मापांत लहान, पण सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू आणि पोटातील अवयव फार खुरटलेले. पाठीवरच्या खवाट्याखालील चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. नाळेच्या रक्तातही इन्सुलिनचे प्रमाण चढे आढळले. या बाळांस याज्ञिकांनी ‘थिन-फॅट’ म्हटले, म्हणजे वरून कृश, आतून मेदयुक्त. आपल्या शेतकऱ्याच्या ‘आम्ही कुठे बसून खातो?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. देहाची ही घडण तो शेतात पाऊल टाकण्यापूर्वीच, जन्मतःच घेऊन आला होता.

याच अभ्यासातील एक निष्कर्ष आम्हांस खान्देशच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. बाळाच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी फारसा जुळला नाही. तो जुळला अठराव्या आठवड्यातील दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातील हिरव्या पालेभाज्या व फळांशी. म्हणजे पोट भरणे पुरेसे नव्हे. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असेही दिसले की शेतातील कष्ट, पाणी वाहणे अशी कामे गरोदरपणी अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान होती. आपल्याकडे भाद्रपद-अश्विनापासून कापूस वेचणीस लागणाऱ्या बायांत पोटुशी बाई असतेच. रावेर-यावलमध्ये केळीचे घड ट्रकने दिल्लीला जातात आणि ते उतरविणाऱ्या मजुराच्या घरातील गर्भवती एखादे केळे खाते की नाही, याची विचारपूस कोणी करीत नाही. मेथी, पोकळा, शेपू, अंबाडी यांना आमच्या भागात तोटा नाही. पण सासूबाईंच्या पंगतीत त्या सुनेच्या ताटापर्यंत किती पोहोचतात, हे प्रसूतिपूर्व तपासणीच्या खोलीत विचारण्याजोगे आहे. सासूबाईंनाच सोबत बोलवावे, असे आमच्या परिचारिका सुचवितात आणि ते आम्हांस पटते.

दूध व पालेभाजी यांचे महत्त्व पुढील संशोधनात अधिक उलगडले. बी-१२ हे जीवनसत्त्व केवळ प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारी माणसास ते दूध-दह्यातूनच मिळू शकते. पुण्याच्या या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांत ते कमी होते. पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांतही याज्ञिक व सहकाऱ्यांना ६७ टक्क्यांत त्याची कमतरता आढळली. २००८ साली त्यांनी दाखविले की ज्या मातांत फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत मंद पडलेला होता. गैरसमज नको म्हणून लगेच सांगतो : गर्भवतीस दिल्या जाणाऱ्या लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करावयाच्या नाहीत. त्या बाळाच्या मज्जारज्जूच्या व्यंगापासून रक्षण करतात. प्रश्न जोडीला बी-१२ असण्याचा आहे. याज्ञिकांनी २०१२ पासून त्याच खेड्यांतील, आता वयात आलेल्या मुलामुलींना लग्नापूर्वीच अल्प मात्रेत बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग केला. त्या मुली पुढे माता झाल्या, तेव्हा त्यांच्या व बाळाच्या नाळेच्या रक्तात बी-१२ चे प्रमाण सुधारलेले दिसले. जळगाव-धुळ्यात शाकाहारी घरांची संख्या मोठी आहे. ‘आम्ही दूध घेतो’ असे सांगणाऱ्या अनेकांचे दूध म्हणजे चहातील दोन चमचे असते, ही आमच्या आहारतज्ज्ञांची नेहमीची तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

१९९३ नंतरच्या त्या बाळांचा माग सोडला गेला नाही. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा तपासणी झाली. अठराव्या वर्षी तपासलेल्या ६१९ जणांत ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तातील साखर प्रमाणाबाहेर होती, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि यांतील जवळजवळ निम्मी, ४८ टक्के मुले वजनाने कमी होती. या मुलांतील ज्यांची साखर चढी निघाली त्यांची वाढ आईच्या पोटातच मंद होती, आणि उपाशीपोटीची साखर लहानपणापासून थोडी वरच्या बाजूस होती. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही आरंभीची शिल्लक आहे. वर्षाच्या जमाखर्चात पुढे काय घडते यावर बरेच अवलंबून असले तरी पहिल्या ओळीतील आकडा ताळेबंदातून पुसता येत नाही. डॉक्टर मंडळींनी या उपमेस एक दुरुस्ती सुचविली आहे, ती योग्यच आहे : शिल्लक कमी असणे म्हणजे दिवाळे नव्हे. कमी वजनाच्या प्रत्येक बाळास मधुमेह होतो असे नाही. शहरात जाऊन बसकाम, पोटाचा वाढता घेर, अपुरी झोप यांची भर पडली की धोका वाढतो, आणि चालणेफिरणे राखले की घटतो.

आता उपद्रवांविषयी, म्हणजे डोळे, मूत्रपिंड, नसा आणि पाय यांच्या हानीविषयी. येथेही सडपातळ मधुमेही फसविला जातो. के.ई.एम. व स्वीडनमधील संशोधकांनी मिळून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या पुण्याच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या शरीरात इन्सुलिनचीच तीव्र कमतरता आढळली. स्वीडनमधील पूर्वीच्या अभ्यासात याच गटातील रुग्णांच्या नेत्रपटलास लवकर इजा झालेली दिसली होती. अशा रुग्णास ‘वजन कमी करा’ हा सल्ला उपयोगाचा नाही. त्यास औषधयोजना वेगळी लागते, कित्येकदा इन्सुलिन लवकर लागते. निदान झाल्या दिवशीच डोळ्याचा पडदा तपासावा, चष्म्याचा नंबर काढून समाधान मानू नये.

पायांच्या बधिरतेबाबत दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. दीर्घकाळच्या मधुमेहाने नसा बधिर होतात. बी-१२ च्या अभावानेही होतात. आणि मधुमेहावर सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी करते. म्हणजे शाकाहारी, मधुमेही आणि दहा वर्षे मेटफॉर्मिन घेणारा रुग्ण तिन्ही बाजूंनी सापडतो. त्याच्या मुंग्या येण्यास ‘शुगरमुळे असेल’ म्हणून सोडून दिले, तर जी कमतरता अल्प खर्चात भरून निघाली असती ती राहून जाते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांस बी-१२ च्या तपासणीविषयी विचारावे, एवढेच.

बधिर पायाचे पुढे काय होते, याचा आपल्याकडील परिस्थितीत कसून अभ्यास नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी केला. त्यांचा मधुमेही पायाविषयीचा सचित्र ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनवाणी चालणे, रात्री उंदराने कुरतडणे, तापलेल्या जमिनीने पोळणे ही कारणे परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडतात. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. देवळाच्या फरशीवरून एक प्रदक्षिणा घातली तरी बधिर तळव्यास फोड येतात आणि माणसास ते संध्याकाळी मोज्याला लागलेल्या पाण्यावरून कळते. पेंडसे, मुंबईचे डॉ. अरुण बाळ आणि चेन्नईचे डॉ. विजय विश्वनाथन यांच्या सहभागाने २००४ पासून भारतात पायांच्या निगेचा जो प्रशिक्षण उपक्रम चालला, त्यात लहान गावच्या डॉक्टर-परिचारिकांना साधी साधने हाताळावयास शिकविण्यावर भर होता. दहा ग्रॅम दाबास वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्यास टेकवून स्पर्श कळतो का, ते पाहावयाचे. तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. आपल्या बाह्यरुग्ण विभागात ती प्रत्येक मधुमेह्याची वर्षातून एकदा व्हावी, केसपेपरवर तिचा वेगळा रकाना असावा, असा प्रस्ताव कार्यालयाने विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

दुसरा प्रस्ताव वरकरणी मधुमेहाशी असंबद्ध वाटेल. प्रसूतिगृहाची जुनी रजिस्टरे अभिलेख कक्षात जागा अडवून बसली आहेत आणि ती रद्दीत काढावीत, अशी सूचना मागील बैठकीत आली होती. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपल्या की डॉक्टरांचे दायित्व संपते, तेव्हा सूचना नियमाविरुद्ध नव्हती. परंतु या रजिस्टरांत आईचे नाव, गाव आणि बाळाचे वजन आहे. त्यांतील पुष्कळ बाळे आज तिशी-चाळिशीत आहेत, जळगाव-धुळ्यातच आहेत, आणि त्यांच्यापैकी काही आपल्याच मधुमेह विभागात रांगेत उभी असतील. हर्टफर्डशायरच्या वह्या कोणी रद्दीत घातल्या असत्या, तर हा सारा अभ्यास कोठून सुरू झाला असता? ताळेबंदात या रजिस्टरांची किंमत शून्य दिसते. आम्ही ती जपावीत असे मत दिले आहे आणि मंडळाने निर्णय पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.

दरम्यान, नव्या बाळांचे वजन रजिस्टरासोबत आईला दिल्या जाणाऱ्या कार्डावरही शाईने व अंकी-अक्षरी लिहिण्यास प्रसूतिगृहात सुरुवात झाली आहे. ते कार्ड शिधापत्रिकेसोबत जपून ठेवावे आणि मूल मोठे झाल्यावर कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना न्यावे, असे सुटीच्या वेळी सांगितले जाते. जुन्या रजिस्टरांसाठी वाळवी न लागणारी दोन लोखंडी कपाटे हवी आहेत. कोणा देणगीदारास ती देणे शक्य असल्यास त्यांनी कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा. कपाटावर दात्याचे वा त्यांच्या दिवंगत आप्तांचे नाव घालण्यात येईल.